घण ऐकू येतो, सांडशी दिसत नाही

या सदराच्या टपालात पुण्या-मुंबईची पत्रे ढिगाने असतात. भंडारा जिल्ह्यातले पत्र वर्षाकाठी एखादे. म्हणून नाकाडोंगरीचा पत्ता पाहताच ते पाकीट आधी फोडले. ज्यांना हे गाव नकाशात चटकन सापडणार नाही त्यांच्यासाठी सांगतो : तांदळाच्या बाजाराबद्दल नाव असलेले तुमसर आपल्याला ठाऊक असते. त्या तुमसर तालुक्यातच, मध्य प्रदेशच्या हद्दीकडे, जंगलाच्या पट्ट्यात हे गाव आहे. जवळच डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. नावात डोंगर, पोटात धातू आणि भोवती साग, असा तो मुलूख.

पत्र लिहिणाऱ्या बाईंचे चिरंजीव नववीत आहेत. भाषांतराच्या तासाला एक इंग्रजी वाक्य आले : ‘द टू ब्रदर्स वेन्ट ॲट इट हॅमर अँड टाँग्ज.’ चिरंजीवांनी लिहिले, ‘दोघे भाऊ घण-सांडशी घेऊन भांडले.’ गुरुजींनी त्यावर तांबडी रेघ ओढली आणि वर लिहिले, ‘दोघे भाऊ जोरजोरात भांडले.’ इथवर काही विशेष नाही. तांबड्या रेघा सर्वांच्याच वाट्याला येतात. पण बाईंचे सासरे खाणीवरच्या लोहारखान्यात आयुष्य काढलेले. पहारी, छिन्न्या, सुरुंगाची भोके पाडायच्या सळया, सगळ्यांना धार आणि पाणी देणारे ते हात. नातवाची वही पाहून आजोबा आपल्या झाडीबोलीत एवढेच म्हणाले, “सांडशी सुटली का घन आंधरा होते.” तेव्हापासून पोरगा अडून बसला आहे, की गुरुजींनी वाक्यातली सांडशी गाळली कशी? बाई विचारतात, ‘आमचा मुलगा चुकला का? आणि चुकला असेल, तर नक्की कुठे?’

प्रश्न नववीतल्या मुलाचा असला तरी उत्तर मोठ्यांच्या कामाचे आहे, म्हणून दिवाळी अंकातल्या ऐसपैस जागेसाठी राखून ठेवले होते.

प्रथम शब्द. हॅमर म्हणजे हातोडा, टाँग्ज म्हणजे सांडशी. (काही विद्यार्थी हा दुसरा शब्द ‘टंग’, म्हणजे जीभ, असा ऐकतात आणि ‘हातोडा व जीभ’ असे लिहून येतात. ऐकणे चुकीचे, पण भांडणाचे वर्णन म्हणून त्यात खोट काढता येणार नाही.) हा वाक्प्रचार इंग्रजीत अठराव्या शतकाच्या आरंभापासून लिखित आढळतो आणि तो सरळ लोहाराच्या भट्टीवरून उचललेला आहे. त्याच भट्टीतून इंग्रजांनी आणखीही बरेच उचलले आहे. लोखंड तापलेले असतानाच घाव घालावा, ही म्हण त्यांचीही आणि आपलीही. एकाच वेळी दहा कामे अंगावर घेणाऱ्याला ते म्हणतात, याने भट्टीत फार सळया घातल्या आहेत.

आता लोहाराचे काम डोळ्यांपुढे आणा. शहरातल्या वाचकांनी ‘साधी माणसं’ हा १९६५ सालचा चित्रपट पाहिला असेल. त्यातले ऐरणीच्या देवाला उद्देशून असलेले गाणे तर घरोघरी पोचले आहे. किंवा गाडीलोहारांचे बिऱ्हाड रस्त्याच्या कडेला उतरलेले तुम्ही येता-जाता पाहिले असेल. नवरा ऐरणीपाशी बसलेला असतो. त्याच्या एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात लहान हातोडा. समोर बायको दोन्ही हातांनी घण उचलून उभी. तो हातोड्याने जागा दाखवतो, ती तिथे घण घालते. तो सांडशीतला तुकडा किंचित फिरवतो, ती पुन्हा घालते. आपण पाहणारे घणाकडे पाहतो, कारण घण मोठा, उंच जाणारा आणि दणकणारा. पण कामाचा कर्ता कोण? ज्याच्या हाती सांडशी आहे तो. घणावर सर्वांचे लक्ष आणि सांडशीवर सगळी भिस्त, असा हा व्यवहार आहे.

शिवाय घाई. भट्टीतून काढलेला तुकडा पिवळा, मग नारिंगी, मग लाल, आणि बघता बघता काळा पडतो. काळ्या लोखंडावर घातलेला घाव मनगटाला लागतो, लोखंडाला लागत नाही. म्हणून तुकडा धरला की थांबायचे नाही. हातोडा, सांडशी, ठिणग्या, आवाज, घाम, सगळे एकाच दमात. इंग्रजी वाक्प्रचारात तो दम आहे. तेव्हा ‘हॅमर अँड टाँग्ज’ म्हणजे ‘जोरजोरात’ एवढेच नव्हे. हाताशी असेल ते सगळे वापरून, उसंत न घेता, आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असे.

त्याचे उपयोग साधारण तीन. एक, भांडण. शेजारच्या घरात नवरा-बायकोची कालपासून चालली आहे, असे सांगताना इंग्रज हा वाक्प्रचार हमखास काढतो. दोन, वाद किंवा टीका. विधिमंडळात विरोधी पक्ष सरकारवर असा चालून जातो. तीन, काम. परीक्षा आठ दिवसांवर आली आणि मुलगा अभ्यासाला असा भिडला. तिन्ही ठिकाणी शब्द तेच, क्रमही तोच. आधी हॅमर, मग टाँग्ज, आणि टाँग्ज अनेकवचनी. उलटापालट केलेली इंग्रजाच्या कानाला खपत नाही. आणि हा बैठकीतला शब्द आहे. वाढदिवसाच्या भाषणात चालेल, मामलेदाराला करावयाच्या अर्जात नको.

मराठीत यासाठी एकच प्रतिशब्द शोधणे म्हणजे तिन्ही ऋतूंना एकच कपडा शिवणे. कामासाठी ‘कंबर कसून’ आहे, ‘झपाटल्यासारखा’ आहे, आणि दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी तर ‘पदर खोचून’ हा शब्द घरात प्रत्यक्ष वावरताना दिसतो. फराळाच्या ताटासाठी ‘आडवा हात मारणे’. अर्थात फराळाला इंग्रज हातोडा-सांडशी लावत नाही. चकली कितीही कडक झाली असली तरी. टीकेसाठी आपल्याकडे शस्त्रागारच भरलेले आहे : तुटून पडणे, फैलावर घेणे, खरपूस समाचार घेणे, वाभाडे काढणे, पिसे काढणे, बिनपाण्याने हजामत करणे. या बाबतीत मराठी भाषा कोणाची उसनवारी करील असे वाटत नाही.

पण भांडणासाठी आपला जो शब्द आहे तो मला सर्वांत आवडतो : ‘जुंपली’. ‘दोघांची चांगलीच जुंपली.’ जुंपतात ते बैल, एका जुवाखाली. म्हणजे भांडणाऱ्या दोघांना एकमेकांपासून सुटता येत नाही, मान एकाच लाकडात अडकली आहे, हे त्या क्रियापदातच आले. ‘हॅमर अँड टाँग्ज’मध्येही हेच आहे. हातोडा आणि सांडशी ही एकाच घरची दोन हत्यारे, एकाच ऐरणीपाशी. परक्या माणसाशी आपली बाचाबाची होते. जुंपते ती घरच्याशी. चिरंजीवांच्या वाक्यात भांडणारे भाऊ होते, हे लक्षात घ्या.

आता खरी मेख. वर्तमानपत्रांतून या इंग्रजी शब्दांचे मराठी रूप म्हणून एक विशेषण सर्रास फिरते : ‘घणाघाती’. घणाघाती भाषण, घणाघाती टीका, घणाघाती हल्ला. शब्द दणदणीत आहे, मराठीला शोभणारा आहे, त्याच्याशी माझे वैर नाही. पण पाहा, घण आला आणि सांडशी भट्टीपाशीच राहिली. ‘प्रश्न ऐरणीवर आला’ असेही आपण रोज वाचतो. ऐरण आली, घण आला, भात्याने वारा घालून वातावरणही तापले. लोखंड धरले आहे कोणी? आजोबा बोलले ते नेमके याबद्दल. तुकडा पकडीत नसेल तर घण कुठे पडेल याचा भरवसा नाही. ऐरणीवर पडेल, शेजारच्या पायावर पडेल, लोहाराच्या बोटांवर पडेल. आवाज मात्र तेवढाच होईल.

बोलण्या-लिहिण्यात सांडशी कोणती, असे कोणी विचारील. समोरच्याचे म्हणणे नेमके काय आहे ते धरणे, ही सांडशी. आपल्या हातातला पुरावा हलत नाही ना, हे पाहणे, ही सांडशी. आपल्या भाषेला ही कल्पना परकी नाही. ‘धारेवर धरणे’ हा आपलाच शब्द, आणि त्यात धरण्याची क्रिया आहे. उलट ‘तोंडसुख घेणे’ हाही आपलाच; त्यात सुख आहे आणि तोंड आहे, तिसरे काही नाही. दोन्हींचा अर्थ टीका करणे असा एका ओळीत देऊन मोकळे होऊ नये.

थोडे विषयांतर करतो, पण नाकाडोंगरीच्या वाटेनेच. ज्या मातीत हे आजोबा राबले त्या मातीतला मँगनीज हा घणाचा फार जुना सोबती आहे. पोलादात गंधकाचा अंश राहिला तर ते तापलेले असताना घाव बसताच तडकते. मँगनीज त्या गंधकाला आपल्याकडे ओढून घेते आणि पोलाद घाव सोसू लागते. बेसेमरने १८५६ साली पोलाद करण्याची आपली नवी रीत जाहीर केली, तेव्हा पहिल्या पोलादाने अनेकांना दगा दिला. रॉबर्ट मुशेटने मँगनीजयुक्त धातू मिसळण्याची तोड काढल्यावर गाडी रुळावर आली. पुढे शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डने १८८२ साली शेकडा बाराच्या आसपास मँगनीज घालून असे पोलाद केले, की ते ठोकावे तसतसे वरून अधिक कठीण होत जाते. दगड फोडणाऱ्या यंत्रांचे जबडे आणि रेल्वेचे रूळ एकमेकांना छेदतात तिथले तुकडे त्याचेच करतात. विदर्भ-बालाघाटच्या या पट्ट्यातल्या खाणी प्रथम इंग्रजी कंपनीने चालवल्या. १९६२ साली भारत सरकारच्या भागीदारीने नवी कंपनी झाली आणि १९७७ साली ती पुरती सरकारी झाली होती. तिचे मुख्य ठाणे नागपूरला. डोंगरी बुजुर्गची काही खनिजे विजेरीच्या कोरड्या सेलमध्येही जातात. तेव्हा घरातला टॉर्च लागला तर त्यातही भंडाऱ्याचा वाटा असू शकेल.

हे १८८२ साल ध्यानात ठेवा. हॅडफील्ड शेफील्डला पोलाद करीत होता त्याच वर्षी आपल्याकडे दोन तरुण संपादक डोंगरीला गेले. ही डोंगरी नाकाडोंगरी नव्हे, मुंबईतली, तुरुंगाची. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर, दोघेही पंचविशीच्या उंबरठ्यावरचे. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघून दीडच वर्ष झाले होते. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, अशी बोलवा होती. दोन्ही पत्रांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर घण उचलला. जोर होता, तळमळ होती, लोखंडही लाल होते. बर्व्यांच्या हातची म्हणून काही पत्रे पुराव्यादाखल आली आणि ती छापली गेली. ती पत्रे बनावट निघाली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, पण बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद चालवली आणि दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट मिळून एकशे एक दिवस भरले. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर पुस्तकच लिहिले. त्याच्या नावातच डोंगरी आहे आणि एकशे एकही आहे.

आता यातला विचार करण्याजोगा भाग. छत्रपतींचे हाल होत होते, ही गोष्ट खोटी नव्हती. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, त्यांच्यावर नेमलेल्या गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. म्हणजे संपादकांनी घाव घालायला घेतलेले लोखंड खरे होते. पण ज्या पत्रांच्या पकडीत ते धरले ती पकडच खोटी होती. सांडशी सुटली आणि घण आपल्याच पायावर आला. त्यांचे धैर्य मी कमी लेखत नाही. सुटून आले तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले आणि ते योग्यच झाले. तरीही फौजदारी कोर्टाने तपासली ती पकड होती, जोर नव्हे.

या प्रकरणाची आणखी एक बाजू सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘केसरी’च्या मंडळींतले ज्येष्ठ विष्णुशास्त्री चिपळूणकर; त्यांच्या ‘निबंधमाले’चे १८७४ पासून चौऱ्याऐंशी अंक निघाले. मराठी गद्याला त्यांनी जी मनगटशक्ती दिली ती नाकारणारा करंटा म्हणावा लागेल. पण जोतीराव फुल्यांवर त्यांनी जे लिहिले ते आज काढून वाचा. फुले विचारीत होते विद्येचा आणि मानाचा प्रश्न. शास्त्रीबुवा उत्तर देत होते व्याकरणाच्या चुकांचे. घण अचूक पडत होता, फक्त लोखंड ऐरणीच्या पलीकडे होते. आणि बर्वे प्रकरणात टिळक-आगरकरांवर जामिनाची पाळी आली तेव्हा, मतभेद बाजूला ठेवून, फुल्यांच्या सांगण्यावरून त्यांच्या एका स्नेह्याने त्याची सोय केली. शास्त्रीबुवा हे पाहायला राहिले नव्हते. मार्च १८८२ मध्ये, ऐन बत्तिशीत, ते गेले.

आगरकर डोंगरीतून बाहेर आले ते घण टाकून नव्हे. १८८८ साली ‘सुधारक’ काढल्यावर त्यांनी बालविवाह, केशवपन, सोवळेओवळे यांवर जे प्रहार केले त्यांपुढे बर्व्यांवरचे लेख फिके आहेत. पण त्यांच्या निबंधांची घडण पाहा. प्रतिपक्ष काय म्हणतो ते आधी मांडतात. कधी कधी तर प्रतिपक्षालाही मांडता आले नसते इतके नीट. मग एकेक आक्षेप फिरवून फिरवून त्याच्यावर घाव. पुण्यातल्या लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, ती शिव्यांमुळे नव्हे. वादातून निसटायला जागाच उरली नव्हती म्हणून, असे माझे मत आहे. विचारकलहाला भिऊ नये, असे ते सांगत, आणि कलह करीत ते या रीतीने. पुढच्या काळात आचार्य अत्र्यांनी १९५६ साली ‘मराठा’ काढून संयुक्त महाराष्ट्रासाठी जो घण चालवला त्याचा आवाज वेगळा, विनोदाचा आणि गर्जनेचा. त्यांच्या हाती सांडशी किती वेळा होती आणि किती वेळा नव्हती, यावर या सदराच्या वाचकांची आपापसांत जुंपेल, म्हणून तो विषय इथेच ठेवतो.

तर चिरंजीव चुकले का? गुरुजींच्या बाजूने आधी बोलतो. ‘दोघे भाऊ घण-सांडशी घेऊन भांडले’ हे वाक्य वाचणारा मराठी माणूस पोलीस ठाण्याकडे धाव घेईल. ‘घेऊन’ या शब्दाने घोटाळा केला. इंग्रजीत ती हत्यारे कोणाच्या हातात नाहीत. ती केवळ भांडणाची तऱ्हा सांगतात. तेव्हा तांबडी रेघ ओढली ती बरोबर. पण ‘जोरजोरात भांडले’ हे गुरुजींचे वाक्य म्हणजे भट्टी विझवून दिलेले उत्तर आहे. ‘दोघा भावांची अशी काही जुंपली, की दोघांनीही कसर ठेवली नाही,’ असे काहीसे लिहिले असते तर अर्थही राहिला असता आणि धगही. मी तपासनीस असतो तर मुलाला पाचांपैकी तीन दिले असते. अर्थ चुकला, पण वाक्यातली दोन्ही हत्यारे पाहणारा वर्गात तो एकटाच असावा, म्हणून तीन. आणि बाई, एक विनंती. आजोबांकडून लोहारखान्यातले शब्द त्याला वहीत उतरवून घ्यायला सांगा : भाता, ऐरण, पाणी देणे, आणि झाडीबोलीत जे आणखी असतील ते सगळे. आता सळयांच्या टोकाला कठीण धातूची तयार पाती बसवून मिळतात. धार लावायला लोहारखान्याची गरज उरली नाही की ते शब्द कोणाच्या तोंडी राहत नाहीत आणि कोशात शोधले तर निम्मेही सापडत नाहीत.

पत्राच्या तळाशी पुरवणी प्रश्न आहे : ‘अंडर द हॅमर’ आणि ‘हॅमर आउट’ हेही लोहाराकडचेच का? पहिला नाही. तो हातोडा लिलाव पुकारणाऱ्याचा, लाकडी; घर हातोड्याखाली आले म्हणजे लिलावात निघाले, चिरडले गेले नव्हे. दुसरा मात्र भट्टीवरचाच. ठोकून ठोकून पत्रा हवा त्या आकाराला आणावा तसा दोन पक्षांनी खल करून करार घडवला, म्हणजे तो त्यांनी ‘हॅमर आउट’ केला. परीक्षेत हे दोन्ही शेजारी शेजारी विचारतात. गल्लत करू नये.